तुरीच्या गोदामातलं विमान

नायगाव
१२ जानेवारी १९८६

सख्ख्या नातवाची खबर एस.टी.च्या कंडक्टरकडून ऐकावी लागते, एवढी परकी कवा झाले रे मी? काल नांदेडहून येताना गाडीत बसले तर आपला व्यंकटी तिकीट फाडता फाडता साऱ्या गाडीला सांगून राहिला, "ह्या भामाबाई. ह्यांचा नातू लातुरात विमान बनवून राहिलाय." लोक हसले. एक जण म्हणला, "मंग म्हातारे, एस.टी.नं कशाला जातीस?" त्याला मी काय बोलायचं ते बोलले, पण घरी येऊन मला घास गेला न्हाई.

आता जयभीम घे.

तुझी माय गेली तवा तू सहा वर्सांचा. तवापासून तुझं खरं-खोटं मला तुझ्या तोंडावरून कळतं, आता तोंड दिसत न्हाई म्हणून कागदावरून इचारते. पंधरा वर्सं विमानदलात काढून आलास, आयटीआयात मास्तर लागलास, चांगली बायको मिळाली. मंग ही काय अवदसा? अन् व्यंकटी म्हणतो विमान थर्माकोलचं हाय. गणपतीचं मखर करतात त्या थर्माकोलचं? मुडद्या, त्यात बसणार कोण?

हे कागद मी माझ्या हातानं लिहिलंय. प्रौढ वर्गातलं अक्षर हाय, वाकडं असंल. तुझं सरळ येऊ दे.

भामाबाई


लातूर
२० जानेवारी

ती. आजीस सविनय जयभीम.

तुला सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं.

ते थर्माकोल नाही. तसा दिसणारा फोम आहे, आणि तो फक्त आकारापुरता. तापलेल्या तारेनं पंखाच्या आकारात कापायचा. त्यावर काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, राळ आणि तिला घट्ट करणारं औषध मापून कालवायचं, ते चोपडायचं, त्यावर पुन्हा कापड. वाळलं की कुऱ्हाड बोथट होते. सगळ्या पंखात एक खिळा नाही. नकाशांचं पुस्तक अमेरिकेतलं आहे, आमच्या एका साहेबांनी निवृत्त होताना दिलं. इंजिन हैद्राबादच्या फ्लाइंग क्लबाच्या भंगारातलं, मी स्वतः खोलून बसवलं. त्याच क्लबात पोस्टिंगच्या काळात रविवारी रविवारी उडवायला शिकलो, तेही तुला सांगितलं नव्हतं.

जागा धान्याच्या मोंढ्यातल्या शिवप्पांनी दिली. दोन सालं तूर आली नाही, त्यांचं गोदाम रिकामं. आणि रेणापूरच्या वाटेवरचा तलाव कोरडा ठणठणीत पडलाय, तळ फरशीसारखा. तीच माझी धावपट्टी. जिल्हा होऊन चार वर्षं झाली तरी लातूरला विमान उतरायला जागा नाही, आजी. पहिलं विमान माझं असेल.

पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या विमानांचे पंख पुसले, स्क्रू आवळले आणि खाली उभा राहून सलाम ठोकला. एकदा वर बसायचंय. मृगाच्या आत. पाऊस पडला की तलाव भरेल आणि गोदामही.

तुझा रामकिशन


नायगाव
२ फेब्रुवारी

साऱ्या मुलखात पाऊस लांबावा म्हणून बसलेला तू एकटाच. हे कुणाला बोलू नको. इथं बाया दोन कोस घागर घेऊन जातात, त्यांच्या कानावर गेलं तर विमानासकट तुला बडवतील.

तुझं कागद तीनदा वाचलं. जे कळलं ते असं, की तू वाकळ शिवून राहिलास. थरावर थर, मधी दोरा न्हाई, राळ हाय. वाकळीचं मला सांगू नको. चाळीस वर्सं लोकांच्या वाकळी शिवल्या. वरून कशीबी देखणी दिसली तरी आतला एक थर सुटला की सारी गोळा होते. अन् सुटलेला थर डोळ्याला दिसत न्हाई, हातालाच लागतो. तू हात फिरवतोस का?

अन् वजन टाकून बगितलं का? मोकळा पंख कुणालाबी पेलंल.

रंगाचं काय ठरलं ते लिहिलं न्हाईस.

भामाबाई


लातूर
१८ फेब्रुवारी

ती. आजीस जयभीम.

मी आयटीआयच्या पोरांना सहा महिन्यांत जे समजावू शकलो नाही, ते तू एका कागदात लिहिलंस. हो, वाकळच.

वजन टाकलं. पंख उलटा बांधून त्यावर मांजरा नदीच्या वाळूची बावीस पोती रचली. गोदामाचे हमाल तोंडाला हात लावून उभे होते. पंख वाकला, करकरला नाही. पोती काढली तसा सरळ झाला. शिवप्पा म्हणाले, "मास्तर, ह्याच्यावर माझ्या पोरीचं लगीन लावता येईल." तुझी नातसून पंचशीला त्या दिवशी प्रथमच हसली.

रंग पांढरा. पुस्तकात मोठ्या अक्षरात आहे, पांढराच. गडद रंग उन्हात तापतो आणि राळ मऊ पडते.

रामकिशन


नायगाव
२५ फेब्रुवारी

उन्हात मऊ पडते! जल्मभर उन्हात गेलेल्या घरात असली नाजूक वस्तू जल्मली म्हणायची.

आता मुद्द्याचं ऐक. व्यंकटी सांगतो, लातुरात लोक त्याला शिवप्पाचं विमान म्हणतात. शिवप्पाचं गोदाम, शिवप्पाचे हमाल, म्हणून विमानबी शिवप्पाचं. तो मानूस चांगला असंल, माझं त्याच्याशी वैर न्हाई. पण उद्या ते उडलं तर पेपरात नाव त्याचं येईल, अन् तू खाली उभा राहून पुन्हा सलाम ठोकशील. पांढऱ्या विमानावर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं बाबा. निळं कर. निळं केलं की कुणी इचारणार न्हाई कुणाचं म्हणून. लांबून, खालून, आंधळ्यालाबी कळंल.

अमेरिकेच्या पुस्तकाला आपलं ऊन काय ठाऊक अन् आपला रंग काय ठाऊक. पांढरं असंल तर मला बघायला बोलवू नको.

भामाबाई


लातूर
१४ मार्च
(पोस्टकार्ड)

आजी, निळं केलं. तीन हात. जयंती समितीची पोरं बघायला आली, एकाला रडू आलं. १४ एप्रिलला तलावात उडवायचं ठरलं आहे, आमदार आप्पासाहेब स्वतः येणार. दिल्लीची परवानगी अजून नाही, ते म्हणाले मी बघतो. आता बघायला ये.

रामकिशन


नायगाव
२ एप्रिल

लातूरहून आले ती दोन दिवस पडून व्हते. पाय दुखतात म्हणून शेजारणीला सांगितलं. पाय दुखत न्हाईत.

विमान लई देखणं हाय. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून म्हातारी जळते असं म्हणू नको. तू गोदामाच्या बाहेर काढलंस तवा माझ्या डोळ्याला पाणी आलं, ते तू बगितलंस. पुढचं तू बगितलं न्हाई, तू समितीच्या पोरांना इंजिन दावत व्हतास.

मी पंखावर हात ठेवला. चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या तव्यागत. हात वढून घेतला. मंग पदर गुंडाळून चार बोटं फिरवली. अन् मडकं घेताना वाजवतो तसं बोटाच्या पेरानं वाजवत गेले, अंगाकडून टोकाकडं. टण, टण, टण. अन् उजव्या पंखाला, धडापासून दोन हातावर, भद. पुढं पुन्हा टण. मी माघारी आले. पुन्हा भद. वितभर जागा हाय. वाकळीत थर सुटला की असंच मधी मेलेलं लागतं.

मी पंचशीलाला बोलवून वाजवायला लावलं. तिलाबी ऐकू आलं. तिनं तुझ्याकडं बगितलं.

वाळूची पोती तू गोदामात रचली व्हतीस, सावलीत, माघ महिन्यात, रंग देण्याच्या आधी. आता चैताच्या उन्हात, निळ्या रंगानिशी रच. बावीस न्हाई, दहाच रच. मला उत्तर पोत्यांचं पाहिजे, गोड बोलण्याचं नको.

भामाबाई


लातूर
६ एप्रिल

ती. आजीस जयभीम.

तुझे कान चांगले आहेत, पण ते मडक्याचे आहेत. त्या जागी आत लाकडाची ठोकळी आहे, म्हणून आवाज वेगळा. सगळ्या विमानांत असतं.

पोती रचायला आता वेळ नाही. गरजही नाही. मी सकाळी सहाला उडवणार. सहाला पंख रांजणासारखा गार असतो. तलावाला दोन फेऱ्या, दहा मिनिटं, साडेसहाला खाली. ऊन यायच्या आत विमान झाकलेलं. तुझी भीती उन्हाची आहे ना? मग ऊनच नाही.

तू म्हणशील वरून पांढरा हात मार. मीही विचार केला. आजी, समितीची पोरं दिवसा पाळीनं गोदामाच्या दारात बसतात, कुणी ओरखडा काढू नये म्हणून. त्यांच्यादेखत, जयंतीच्या तोंडावर, मी निळ्यावर पांढरा फासू? कारण विचारतील. राळ, ऊन, पुस्तक सांगू? ते म्हणतील, मास्तर शिवप्पाच्या दबावात आला. मला ह्या गावात राहायचंय.

काळजी करू नको.

रामकिशन


लातूर
१० एप्रिल

ती. आजींना पंचशीलाचा सविनय जयभीम.

हा कागद त्यांना न सांगता लिहीत आहे. आत ठोकळी आहे असं त्यांनी तुम्हाला कळवलं, ते पाकीट मीच पेटीत टाकलं. ठोकळी डाव्या पंखात आहे. उजव्यात नाही. नकाशा मला वाचता येतो, वर्षभर कापड मीच कापून दिलं आहे.

परवा दुपारी बाराला त्यांनी विमान उन्हात काढलं. पोरांना चहाला पाठवलं. अर्ध्या तासानं त्या जागेवर अंगठा दाबला. अंगठा उमटला. त्यांनी रुमालानं पुसलं, जसं काही डाग आहे. मग त्यावर निळ्या रंगाचा हात मारला आणि मला म्हणाले, "फिनिशिंग राहिलं होतं." जेवले नाहीत.

आणि सहाचं आता राहिलं नाही. पत्रिका छापून आल्या. आप्पासाहेबांचं आगमन अकराला, नंतर हार, नंतर भाषणं, नंतर उड्डाण. तोवर विमान लोकांना बघायला सकाळपासून तलावात उभं राहणार. मी म्हटलं, ओली पोती झाका. समितीचे किशनराव म्हणाले, "वहिनी, टँकर तिसऱ्या दिवशी येतो, माणसांना पाणी नाही, विमानाला अंघोळ घालता?" सगळे हसले. हेही हसले.

मी बोलले तर म्हणतात, तुला भीती वाटते. शिवप्पाकाका बोलले, तर पोरांनी त्यांना ऐकवलं की आमचं वर जातंय ते बघवत नाही. ते बिचारे आता गोदामाकडे फिरकत नाहीत. राहता तुम्ही. रंग तुमच्या शब्दावर दिला आहे. तुम्ही मागे घेतला तरच मागे जाईल. पोस्टानं वेळ लागेल, कुणाच्या तरी हाती द्या.

पंचशीला


नायगाव
१२ एप्रिल
व्यंकटीच्या हाती

रामकिशन,

पांढऱ्याच्या कागदावर मी तुला हिणवलं. उन्हाचं तू खरं लिहिलं व्हतंस. निळ्याचा हट्ट माझा. मी चुकले. हे अक्षर नीट बघून घे, जल्मात कुणाला लिहून दिलेलं न्हाई, तुझ्या आज्यालाबी न्हाई.

आता हुज्जत घालायची न्हाई. उजवा पंख उतरव. उतरत नसंल तर कुऱ्हाड घाल. बोथट होते म्हणालास, मंग दोन कुऱ्हाडी घे. समितीची पोरं इचारतील, त्यांना हे कागद वाचून दाव. म्हण, माझ्या आजीनं अडवलं, ती म्हातारी अडाणी हाय, तिला आपली चाड न्हाई, रंगाचा मान न्हाई. जे म्हणायचं ते म्हण. मला शिव्या पडल्या तर मी नायगावात बसून ऐकीन, मला त्याची सवय हाय. छप्पनला गावानं पाणी बंद केलं तवा पोटभर शिव्या ऐकून जगले, आता आपल्याच पोरांच्या ऐकीन.

आप्पासाहेबांना म्हणावं, भाषण करा अन् जा. लोक भाषणाला बी येतात.

तुला वर बसायचंय ते मला कळतं. साल-दोन सालानं बस. नवा पंख कर, पांढरा कर, पोती माझ्यासमोर रच. त्यावर तुझं नाव मी स्वतः लिहीन, माझ्या वाकड्या अक्षरात.

व्यंकटी उद्या सकाळच्या गाडीनं येईल. हे तुझ्याच हातात देईल अन् उत्तर घेऊन माघारी फिरंल. दोन ओळी लिही. पंख उतरवला, एवढंच लिही.

भामाबाई


नायगाव
१४ एप्रिल, दिवस मावळताना

रामकिशन,

व्यंकटी काल रिकाम्या हातानं आला. म्हणला, मास्तरांनी माझ्यासमोर वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं. म्हणाले, "आजीला सांग, उडवून आलो की लिहितो." मी व्यंकटीला म्हणले, तू तिथं बसून का न्हाई राहिलास. तो म्हणला, गाडीची येळ झाली व्हती. त्याला मी चांगलं फैलावर घेतलंय. तू घेशील तवा घे.

आज मी मिरवणुकीला गेले न्हाई. दारात बसले. तिसऱ्या पहरी शिवप्पाची जीप आली. मिरवणूक वेशीपाशी आली व्हती, गाणं चालू व्हतं, जीपमधला मानूस उतरून पोरांशी काई बोलला अन् लाऊडस्पीकर बंद झाला. मी इथून ओरडले, "कशाला बंद केला, चालू द्या." कुणी चालू केला न्हाई.

जीपमधी दोघं हायत. एक किशनराव म्हणून हाय, तुमच्या समितीचा. दुसरा शिवप्पाचा मुनीम. दोघांच्या तोंडाला धूळ हाय. मुनीम माझ्या पाया पडला. मोंढ्यातल्या मुनीमानं माझ्या पाया पडायचं काय कारण? म्हणतो, "आजी, लातूरला चला, पंचशीलावहिनीनं बोलवलंय." मी इचारलं, रामकिशननं बोलवलंय का? तो किशनरावकडं बघाय लागला. मी किशनरावला इचारलं, रामकिशननं चिठ्ठी दिली का? तो म्हणला, "आजी, आधी गाडीत बसा." मी म्हणले, मी इचारलं ते सांग. तर एवढा दांडगा गडी, खाली मातीत बसला.

शेजारणीनं माझं लुगडं पिशवीत भरलंय. ती कधी भरली मला कळलं न्हाई. सारी वस्ती अंगणात उभी हाय, पाणी भरायच्या रांगेतल्या बाया घागरी ठेवून आल्यात. मी त्यांना सांगितलं, माझ्या कागदाचं उत्तर यायचं हाय, ते आल्याबिगर मी कुठं हलत नसते. एका बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढून टाकला.

म्हणून हे लिहिते. लिहून किशनरावच्या हाती देते. त्याला सांगितलंय, जीप वळव, हे रामकिशनला दे, अन् तो जे लिहील ते घेऊन ये, मंग मी बसते. तो रडून राहिलाय. रडणाऱ्याच्या हाती कागद द्यायला मला आवडत न्हाई, पण दुसरं कुणी न्हाई.

उडवून आलो की लिहितो म्हणालास. आता दिवस मावळला. दुपारचं विमान एवढा वेळ वर राहत न्हाई, एवढं मला कळतं. तू खाली आलेला हायस. मंग लिही. थकला असशील तर एक ओळ लिही. हात दुखत असंल तर डाव्या हातानं लिही.

पंचशीलाला सांगून लिहवायचं न्हाई. तिचं अक्षर मला ठाऊक हाय, मी वाचणार न्हाई. शिवप्पाचं नको, आप्पासाहेबांचं नको, दवाखान्याचं छापील नको, पोलिसाचं नको. तार आली तर मी घेणार न्हाई, तारेत अक्षर कुणाचं ते कळत न्हाई.

उत्तर रामकिशननंच द्यायचं. दुसऱ्या कुणीबी न्हाई.

भामाबाई